थिएटरच्या पाटीवरचे पळते दिवे: फायबरचे निम्मे ठिपके मंद का दिसतायत?

रूळवेडा
नमस्कार मंडळी. माझ्या एचओ (१:८७ मापाच्या मॉडेल रेल्वेच्या) लेआउटवर स्टेशनसमोरच्या चौकात एक जुनं सिनेमा थिएटर बसवलंय आणि त्याच्या पाटीभोवती ते एकामागून एक पळणारे दिवे करायचं खूळ डोक्यात शिरलंय, गेले तीन आठवडे त्यातच गेले, गाड्या बिचाऱ्या यार्डात धूळ खात उभ्या आहेत.

पाटी १ मिमी स्टायरीन शीटची, चारी कडांना मिळून ३६ भोकं, प्रत्येकात ०.५ मिमीचा प्लास्टिक फायबर, म्हणजे एका टोकाचा उजेड दुसऱ्या टोकाला नेणारा दोरा. १, ४, ७, १० असे बारा फायबर एका जुडीत, २, ५, ८ वाले दुसऱ्या, ३, ६, ९ वाले तिसऱ्या. तिन्ही जुड्या बेसबोर्डच्या (लेआउट ज्यावर उभा आहे त्या फळीच्या) खाली आणल्या आणि प्रत्येकीला एकेक ५ मिमीचा वॉर्म व्हाइट एलईडी. ५५५ हा टायमर आयसी ठोके देतो, ४०१७ हा काउंटर आयसी ते मोजून एकेक आउटपुट पाळीने चालू करतो, ७ नंबरची पिन १५ ला जोडून तीनच पायऱ्यांवर परत फिरवलाय. सप्लाय १२ व्होल्ट, प्रत्येक एलईडीला ४७० ओहम. सर्किट चालतं, दिवे पळतात, त्याबद्दल तक्रार नाही.

तक्रार दिव्यांची आहे. एकाच जुडीतले चार-पाच ठिपके टकटकीत आणि बाकीचे मेल्यासारखे. समोर नाक लावून बघितलं तर छान, पण बाजूला उभं राहिलं, म्हणजे बघणारे जिथे उभे असतात तिथे, की पाटी जवळजवळ विझते. एक जुडी लागली की शेजारच्या जुड्यांचे ठिपकेही मिणमिणतात, त्यामुळे पळण्यात मजाच राहत नाही. आणि वर हे की पाटीच्या मागे सहा फायबर काडकन तुटले, मी हातही लावला नव्हता, सकाळी उठून बघतो तर तुटलेले.

प्रत्येक फायबर साधारण ४० सेंमी आहे. एवढ्या अंतरात उजेड गळत असेल का? जाड फायबर घेऊ, की जास्त पॉवरचा एलईडी लावू?

गार्डचा_डबा
सर्किट चालतंय आणि दिवे चालत नाहीत, आमच्याकडे नेहमी उलटं असतं. ऐकतोय, मलाही करायचंय.

सोल्डरकाका
रूळवेडा, जाड फायबर नको आणि मोठा एलईडी तर मुळीच नको. ४० सेंमीत काही गळत नाही. हा फायबर म्हणजे आतून अॅक्रिलिक आणि बाहेरून कमी वक्रीभवनाच्या प्लास्टिकचा अगदी पातळ थर, उजेड आतल्या आत आपटत पुढे जातो, आणि चांगल्या मालात ४० सेंमीला शेकडा दोन-तीनच्या वर घट होत नाही. त्यापेक्षा जास्त तर नुसत्या टोकावर जातो, टोक आरशासारखं घासलेलं असलं तरी हवा आणि अॅक्रिलिकच्या सीमेवर शेकडा ४ परत फिरतो. म्हणजे चोर वाटेत नाही, दोन्ही दारांवर बसलेत. तिथे बघा.

आधी सांगा फायबर कापले कशाने? वायर कापायच्या कटरने कापले असतील तर तो आधी चिमटतो आणि मग तोडतो, टोक पांढुरकं आणि चिरलेलं राहतं. भिंगातून बघा, कळेल. नवं ब्लेड घ्या, खाली काच किंवा टाइल ठेवा, आणि ब्लेड करवतीसारखं ओढू नका, सरळ वरून खाली दाबा. एलईडीच्या बाजूला बारा फायबर सुटे ठेवू नका. ०.५ चे बारा एकत्र धरले की जुडी साधारण २ मिमीची होते, त्या मापाची पितळी नळी शोधा, जुडी त्यात सरकवा, टोकं मिमीभर बाहेर ठेवून इपॉक्सी भरा आणि वाळल्यावर सगळी एकदम छाटून वॉटर पेपरवर घासा. ६००, मग १०००, मग २०००, पेपर ओला ठेवायचा आणि नळी उभी धरून आठाच्या आकारात फिरवायची (इंग्रजी आठ बरं का, आपला मराठी ८ फिरवलात तर एकाच बाजूला घासलं जाईल). शेवटी टोक काचेसारखं दिसायला हवं.

आता काही ठिपके टकटकीत आणि काही मेलेले, त्याचं कारण एलईडी. ५ मिमीच्या एलईडीचं डोकं म्हणजे एक भिंग आहे. तो लावून तळहाताएवढ्या अंतरावर पांढरा कागद धरा आणि काय दिसतं ते बघा. मधे टिकली आणि भोवती कडं दिसेल. जे फायबर टिकलीत आले ते तुमचे टकटकीत, बाकीचे कडेला बसले. उपाय सोपा आहे, एलईडीचा घुमट कानशीने सपाट करा, मात्र आत चिपवरून एक केसासारखी सोन्याची तार जाते तिच्यावर दीड-दोन मिमी प्लास्टिक राहू द्या, ती तुटली की एलईडी गेला. घासलेला भाग पॉलिश करू नका, दुधी राहू दे, तोच उजेड सारखा पसरवतो. आणि जुडी त्याला चिकटवून न ठेवता ३-४ मिमी लांब ठेवा. उजेड थोडा कमी होईल, होऊ दे, डोळ्याला कमी उजेड चालतो पण शेजारशेजारचे दोन ठिपके कमीजास्त असले की लगेच खुपतं.

बाजूने विझतं ते मात्र तुमच्या चुकीमुळे नाही, फायबरचा स्वभावच तो. या अॅक्रिलिक फायबरमध्ये उजेड मधल्या रेषेच्या साधारण ३० अंश इकडेतिकडे एवढ्याच शंकूतून आत घुसतो आणि तेवढ्याच शंकूतून बाहेर पडतो. त्याच्या बाहेर उभं राहिलं की काही नाही. म्हणून पुढच्या टोकाला डोकं काढायचं. सोल्डरिंग आयर्न तापवा आणि टोकापासून २-३ मिमीवर धरा, टेकवू नका. बघता बघता टोक आखडून फुगतं आणि त्याची छत्री होते, कारण फायबर कारखान्यात ताणून काढलेला असतो, उष्णता मिळाली की तो ताण सुटतो, लांबी कमी होते आणि जाडी वाढते. ०.५ चं डोकं ०.७-०.८ पर्यंत गेलं की थांबा. फायबर पुढून घालून मागून हलकेच ओढायचा, डोकं भोकाच्या कडेवर बसतं. तो घुमट उजेड बाजूलाही फेकतो.

यात एक गंमत आहे. साधा गोल बल्ब सुमारे ६० मिमी व्यासाचा असतो. १:८७ मध्ये ०.५ म्हणजे ४३ मिमी, आणि डोकं काढून ०.७ झालं की ६१ मिमी. म्हणजे तुमचा ठिपका थेट बल्बच्या मापाचा होतो.

तुटलेल्या फायबरचं सांगा, मागून सुपरग्लू लावलाय ना?

रूळवेडा
काका, हो. सुपरग्लू, आणि तोही सढळ हाताने 😔 आणि कटर पण तोच, वायरचा. कागदाचा प्रयोग आत्ताच केला, अगदी टिकली आणि कडं, चक्क तसंच.

सोल्डरकाका
वाटलंच. अॅक्रिलिक वाकलेल्या अवस्थेत ताणाखाली असतं, त्यावर सुपरग्लू किंवा थिनरसारखं काही लागलं की पृष्ठभागावर बारीक तडे पडायला लागतात, तुम्हाला दिसत नाहीत, रात्रभरात ते आत जातात आणि सकाळी काडी मोडल्यासारखा फायबर तुटतो. म्हणून तुम्ही हात न लावता तुटले. लाकडाचा पांढरा गोंद वापरा, वाळायला वेळ घेतो पण फायबरला काही करत नाही. इपॉक्सीही चालते. आणि पाटीच्या मागे काटकोनात वळवले असतील तर तेही सोडा, ०.५ च्या फायबरला किमान १० मिमी त्रिज्येचं वळण द्या, त्याहून कडक वळणावर उजेडही बाहेर सांडतो.

चिपवाला
सगळं वाचलं आणि एकच प्रश्न पडला, एवढा खटाटोप कशाला? ०४०२ चे चिप एलईडी मिळतात, १ मिमी बाय अर्धा मिमी, पाटीवर थेट चिकटवा, सगळीकडून दिसतात, घासणं नाही डोकं काढणं नाही. फायबर हे जुन्या लोकांचं काम झालं आता.

सोल्डरकाका
चिपवाला, ३६ एलईडी, ७२ टाके, केसाएवढ्या एनॅमल तारेचे. मी एकदा सिग्नलच्या खांबाला तीन लावले आणि तिसरा चिमट्यातून उडाला तो अजून सापडायचाय. रस्त्यावरच्या दिव्याला किंवा इंजिनाच्या हेडलाइटला चिपच लावा, मी पण तेच लावतो, तिथे वाद नाही. पण एकसारखे आणि एकाच रंगाचे खूप ठिपके हवे असले की एकाच उगमातून वाटलेला उजेड बरा, कारण ३६ चिप घेतल्यात तर वॉर्म व्हाइटच्या ३६ छटा मिळतील. पिवळसर, गुलाबीसर, एखादा हिरवट. आणि एक गेला तर पाटी फोडा. फायबरमध्ये बेसबोर्डखालचा एक एलईडी बदलला की झालं.

चिपवाला
छटांचं खरं आहे, ते मी भोगलंय. तुम्ही जिंकलात, पण डोकं काढताना बोटं भाजतील तेव्हा माझी आठवण काढा.

छोट्या_रुळावरची
मी एन स्केलवाली आहे, त्यामुळे माझं सगळं याच्या निम्मं. १:१६० ला ०.५ चा फायबर म्हणजे ८० मिमीचा बल्ब होतो, त्यामुळे मी ०.२५ वापरते, तो ४० मिमी पडतो. माझ्याकडे थिएटर नाही, मागच्या रंगवलेल्या पडद्यावर डोंगरउतारावरचं गाव आहे आणि त्याच्या खिडक्या रात्री लागतात, शंभरेक आहेत. भोकं पाडायला ०.३ चं ड्रिल पिन व्हाइसमध्ये (बोटांनी फिरवायच्या छोट्या पकडीत) लावून सुरुवात केली, सातव्या भोकाला मोडलं, दुसरं बाराव्याला. मग शिवणाच्या सुईने आधी खूण टोचून घेतली आणि ड्रिल फक्त बोटांनी, न दाबता, अर्धा फेरा पुढे अर्धा मागे असं फिरवलं. त्यानंतर एकही मोडलं नाही.

रूळवेडा, तुम्हाला एक सांगते, ३६ फायबर पुन्हा ओवणार आहात तर कुठला कुठल्या जुडीतला हे मागे शोधत बसू नका. खोलीत अंधार करा आणि पुढून एकेका ठिपक्यावर टॉर्च धरा, मागे तेवढंच एक टोक चमकतं, ते उचलायचं आणि तिथल्या तिथे त्याच्या जुडीत टाकायचं. मी आधी प्रत्येकाला कागदी चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या, मांजर आलं आणि सगळ्या चिठ्ठ्यांचा पार निकाल लावून गेलं.

शेजारच्या जुड्या मिणमिणतात त्याचं: एलईडी फक्त पुढे उजेड फेकत नाही, बुडातूनही बराच येतो, दोन पाय निघतात तिथून. मी पुढची बाजू छान काळ्या स्लीव्हमध्ये (उष्णतेने आवळणाऱ्या नळीत) बंद केली आणि बूड उघडं, महिनाभर डोकं खाजवत बसले होते. बुडाला काळा रंग फासा. आणि स्लीव्ह आवळायला हॉट एअर वापराल तर आधी एलईडीवर आवळून घ्या, थंड होऊ द्या, मग जुडीची नळी आत सरकवा. हा फायबर ७० अंशांच्या पुढे बिघडायला लागतो, मी एक अख्खी जुडी अशीच आकसवून घेतली आहे.

आणि कृपा करून गावाच्या खिडक्या लुकलुकवू नका कुणी. रेडीमेड किटबरोबर ती भोकाभोकाची फिरती चकती येते ना उजेडासमोर ठेवायची, ती आकाशातल्या चांदण्यांसाठी ठीक आहे. खिडकीतला दिवा लुकलुकत नाही, एक लागतो आणि अर्ध्या तासाने विझतो. सगळं गाव एकदम चमचम करायला लागलं की डोंगरावर जत्रा भरल्यासारखी दिसते.

गार्डचा_डबा
जुन्या ग्रेन ऑफ व्हीट (गव्हाच्या दाण्याएवढ्या, तारेच्या) बल्बवर जुडी टेकवली तर चालेल का? घरात डबाभर पडलेत.

छोट्या_रुळावरची
नको. ते बल्ब तापतात, जुडीचं टोक पिवळं पडेल किंवा वितळेल. डब्यातच राहू द्या.

रेझिस्टर_४७०
मी फायबरवाला नाही, पण सर्किटकडे कुणी बघत नाहीये म्हणून बोलतो. १२ व्होल्टमधून वॉर्म व्हाइटचे साधारण ३ वजा केले तर ४७० ओहममधून १९ मिलिअँपिअर जायला हवेत. ते तुम्ही ४०१७ च्या पायातून थेट घेताय का? तो आयसी एवढा करंट देणाऱ्यातला नाही, तो देतो थोडा, मग त्याचं व्होल्टेज खाली बसतं आणि एलईडी मंद जळतो, आणि तुम्ही फायबरला दोष देत बसता. प्रत्येक आउटपुटला १० के (किलोओहम) मधून बीसी५४७ ट्रान्झिस्टरचा बेस, एमिटर ग्राउंडला, कलेक्टर एलईडी आणि रेझिस्टरमधून प्लसला. बस. मग ४७० ऐवजी १ के लावा, ९ मिलिअँपिअर भरपूर होतात, अंधाऱ्या खोलीत बघायचंय ना.

एक गोष्ट मात्र तुम्ही नकळत बरोबर केलीत. तीन जुड्या केल्यात आणि ३६ ला तीनाने पूर्ण भाग जातो. दोनच जुड्या केल्या असत्या तर दिवे पळाले नसते, नुसते आलटून पालटून लागले असते, कारण दोनात डावीकडे की उजवीकडे हे डोळ्याला ठरवताच येत नाही. आणि ३५ किंवा ३७ भोकं असती तर जिथे गोल पूर्ण होतो तिथे दर फेरीला ठेच लागलेली दिसली असती.

अजून एक, एक दिवा लागलेला आणि दोन विझलेले असं तुमचं चालू आहे. मला त्यापेक्षा दोन लागलेले आणि एक विझलेला जास्त आवडतं, पाटी उजळलेली राहते आणि तिच्यातून अंधार पळत जातो. त्यासाठी बीसी५४७ च्या जागी बीसी५५७ लावा, एमिटर प्लसला, एलईडी कलेक्टर आणि ग्राउंडच्या मधे. ४०१७ च्या पायाचं व्होल्टेज खाली असलं की तो चालू होतो, म्हणजे आपोआप उलटं. वेगासाठी ५५५ ला १० के आणि १० के आणि १० मायक्रोफॅरड लावले तर सेकंदाला जवळपास ५ ठोके पडतात, दुसऱ्या १० के च्या ओळीत ४७ के चा पॉट (फिरवून कमीजास्त करायचा रेझिस्टर) टाकला की सेकंदाला एकापर्यंत खाली आणता येतो. जास्त पळवू नका, पाटीवर लक्ष गेलं की गाडीकडे कोण बघणार.

रूळवेडा
दहा दिवसांनी परत आलो. सगळं उचकटून नव्याने केलं.

एलईडीचे घुमट घासले, पहिल्यात ती सोन्याची तार तोडली, दुसऱ्यापासून जमलं. कागदावर आता टिकली नाही, एकसारखा दुधी गोल दिसतो. नळीत बारा फायबर बसवताना अकरा आरामात गेले आणि बारावा काही केल्या जाईना, शेवटी टोक तिरकं छाटून सुईसारखं केलं आणि मधून घुसवला, घासताना तो तिरका भाग गेलाच. डोकी काढताना पहिली पाच काळी पडली कारण मी आयर्न टेकवत होतो, चिपवाला, तुमची आठवण आली, बोटही भाजलं. मग आयर्न स्टँडवर ठेवलं आणि फायबर हातात धरून वरून खाली आणत गेलो, म्हणजे हात नेमका कुठे थांबतोय ते दिसतं. एक क्षण काहीच होत नाही आणि मग टोक अचानक गोळा होतं, पाण्याचा थेंब लटकावा तसं. तिथे लगेच मागे घ्यायचं. विसाव्यानंतर हात बसला, शेवटचे सोळा एकाच चहात झाले.

बाजूने आता स्वच्छ दिसतं, अगदी बेसबोर्डच्या कोपऱ्यात उभं राहूनही. थेट ४०१७ मधूनच घेत होतो हेही खरं, बीसी५५७ लावले आणि अंधार पळवला, काय सुंदर दिसतंय म्हणून सांगू. मिणमिणणं बुडातून येत होतं, काळा रंग फासल्यावर नव्वद टक्के गेलं, उरलेलं बिल्डिंगच्या भिंतीतून पाझरत होतं, आतून दोन हात काळा मारला.

आता नवीन दुखणं. थिएटरच्या मागून मेन लाइन जाते आणि तिथला ट्रॅक पुसायला बिल्डिंग उचलावी लागते. ती उचलली की तीन जुड्या बेसबोर्डच्या भोकातून ओढल्या जातात. फायबरला मधे कनेक्टर असतो का काही?

सोल्डरकाका
असतो, दोन घासलेली टोकं नळीत समोरासमोर आणायची, पण जुडीला जुडी जोडलीत तर फायबरसमोर फायबर येणार नाही, काही अर्धे काही फटीसमोर, पुन्हा टकटकीत आणि मेलेले सुरू. ते करू नका. मला सांगा, एलईडी खाली ठेवलेत कशासाठी? थिएटरची उंची किती?

रूळवेडा
११ सेंमी. खाली ठेवले कारण सर्किट खाली आहे.

सोल्डरकाका
सर्किट राहू द्या खाली. एलईडी बिल्डिंगच्या आत तळाशी चिकटवा, एलईडीला विशेष उष्णता नाही आणि ११ सेंमीत फायबरला वळायला भरपूर जागा आहे. मग बिल्डिंगमधून खाली फक्त वायरी जातील, तिन्ही एलईडींचा एक पाय कॉमन आणि बाकीचे तीन, चार पिनांचा साधा प्लग. बिल्डिंग उचलली की प्लग काढायचा.

रूळवेडा
चार वायरी!! आणि मी ४० सेंमीच्या ३६ दोऱ्या भोकातून ओवत बसलो होतो. नळ्या आता इपॉक्सीत पक्क्या आहेत पण त्यांच्यासकट वर ओढून घेता येतील, फायबर ३० सेंमी जास्तीचा राहील तो आत गुंडाळून ठेवू की परत छाटून घासू?

सोल्डरकाका
गुंडाळा. मोठा वेटोळा करा, रुपयापेक्षा लहान नको. पुन्हा घासायला लावलं तर तुम्ही छंद सोडाल.